मिस्त्री गाडीत बसत नसे

आमच्या डेपोतला मिस्त्री जीपच्या सावलीत झोपे, जीपले टेकून भाकर खाये, बॉनेटवर आपला शर्ट वाळत घाले. पण जीपमधी तो कधी बसला नाही. जीपमधीच नाही, बैलबंडीत नाही, सायकलवर नाही, मोटारीत तर नाहीच. जिथं जाचं तिथं चालत जाये.

मी चौथीतून शाळा सोडली. लिहाची मले सवय नाही. जसा बोलतो तसाच लिहून राह्यलो. पण त्या माणसाबद्दल दुसरं कोणी लिहिणार नाही हे मले ठाऊक आहे. ज्याईनं त्याले पाह्यलं ते बहुतेक गेले, अन् जे आहेत त्याईले तो फक्त भांडखोर म्हणून आठवते. भांडखोर तो होताच. मीही काही कमी नोयतो, आताही नाही.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या-मांगच्या सालातली गोष्ट. मुकुटबनच्या पुढं, झरी जामणीकडच्या जंगलात एका सेठचा सागवानाचा ठेका होता. लाकडं आणून टाकाचा डेपो रानातच होता. एक टिनाचं शेड, मुनीमजीची खोली, एक विहीर, अन् एक जीप. जीप लढाईच्या वक्ताची, लिलावातून आलेली. मिस्त्रीही तसाच. लढाईच्या दिवसात तो नागपूरच्या बाजूनं फौजेच्या वर्कशॉपमधी शिकला होता. तिथंही तो इथून चालत गेलता म्हणे.

उंच, वाळलेला माणूस. डोक्याले रुमाल, एका कानात चांदीची बाळी, अंगात खाकी शर्ट. पायात जुन्या टायरच्या चपला. त्या त्यानं स्वतः कापलेल्या, अन् दोन्ही एकाच टायरच्या. मी एकदा विचारलं, "काहून?" तर म्हणे, "एक जाडी अन् एक पातळ घातली त कंबर कोण भरून देईन? तुहा बाप?"

तो ढाणकीकडच्या बंजाऱ्यायच्या तांड्याचा. त्याच्या बापजाद्यायनं बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मीठ, धान्य गावोगाव नेलं होतं. आता त्याच्या तांड्यावर सारे शेती करत. हा एकटाच तिकडून निघून आलेला. बायको होती, ती लवकर गेली, एवढंच मले समजलं होतं. बाकीचं विचाराची सोय नोयती.

मी पह्यल्या दिवशी कामावर आलो तवा वणीच्या जिनिंगचा ट्रक चालवून आलतो. स्वतःले मोठा डायवर समजत होतो. मिस्त्री जीपखाली निजून होता. मले फक्त चपला दिसत होत्या. खालूनच त्यानं विचारलं,

"कोण हो?"

"नवा डायवर."

"कोणाचा?"

मी आडनाव सांगतलं. आमचं कुणब्याचं घर, चार एकर मुरमाड जमीन. तो खालून हसला. "अस्सं. पाटील आले म्हणा."

तवापासून मी पाटील. ज्याच्या घरी धड बैलजोडी नाही असा पाटील.

"जीपमधी दांडे किती असतात, पाटील?"

"तीन."

"कायचे कायचे?"

मले ते ठाऊक होतं. एक गेअरचा. अन् बाजूचे दोन खालच्या पेटीचे. ज्याले ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो. इंजनाच्या मांगं गेअरची पेटी असते, ती साऱ्याच गाड्याईले असते. पण जीपले तिच्या बुडाशी अजून एक लहान पेटी जोडलेली असते. गेअरपेटीतून आलेला जोर ही पेटी मांगच्या चाकाले देते, अन् दांडा ओढला का पुढच्या चाकालेही देते. मंग चारही चाकं ओढतात. कागदावर तिले ट्रान्सफर केस म्हणतात. आमी खालची पेटी म्हणत होतो, अन् मिस्त्री नुसतंच 'खालची' म्हणे. तिचा दुसरा दांडा चाल बारीक कराले. तो लावला का गाडी माणसाच्या चालीनं चालते, पण हत्तीसारखी ओढते. अन् तिची बनावटच अशी का पुढची चाकं जोडल्याशिवाय तो बारीक चालीचा दांडा लागतच नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं कामी येते.

मी हे सारं सांगतलं. खालून आवाज आला, "पुढची चाकं कवा जोडाची?"

"चिखल लागला का."

"अन् सोडाची कवा?"

"चिखल सरला का."

तो बाहेर निघाला. तोंड तेलानं काळं. माह्याकडे बैल पाहावा तसं पाह्यलं. "चिखल सराच्या आंधी. सरला अन् मंग सोडतो म्हणशीन, त ते सुटत नाही. समजलं?"

नाही समजलं. समजलं असं मीही म्हटलं नाही. मंग त्यानं चारचाकी दांड्यावरची मूठ पिळून काढली, खिशात टाकली, अन् निघून गेला.

ती मूठ सागाची होती, त्यानंच घासून गोल केलेली. जीप जागेवर असली का मूठ त्याच्या खिशात. कोणाले चारचाकी लागली त त्याच्यापाशी जा लागे, कोणत्या वाटेनं जातो ते सांगा लागे. त्याले पटलं त मूठ भेटे. "मुकुटबनले चाललो" म्हटलं का, "तिथं चिखल कुठी आहे? चाल." मूठ नाही. लोक शिव्या देत. मी शिव्या नाही दिल्या. नुसत्या आट्याच्या लोखंडावर खांद्यावरचा दुपट्टा गुंडाळून दांडा ओढू लागलो. तळहाताची साल निघाली, पण मूठ मागाले गेलो नाही. त्याले ते दिसलं होतं. एक दिवस जीपमधी बसलो त मूठ दांड्यावर लागलेली. तो दूर विहिरीवर पाठ करून भांडे घासत होता. आमचं जमलं ते असं.

हळूहळू मले त्याचं म्हणणं समजलं. चारही चाकं जोडले असले का पुढचे अन् मांगचे सारखेच फिरले पाह्यजे. पण वळणावर पुढची चाकं जास्त वाट कापतात, मांगची कमी. चिखलात, रेतीत चाक जरा घसरते अन् तो फरक तिथंच सुटून जाते. टणक रस्त्यावर चाक घसरत नाही. मंग तो सारा पीळ पेटीत जमा होते. चाकं चिरचिरतात, स्टेअरिंग जड होते, पेटी कण्हते, अन् दांडा असा आवळते का मारुतीचा बाप आला तरी निघत नाही.

"मंग काढाचा कसा?" मी विचारलं.

"मांगं जाचं."

"म्हणजे?"

"थोडी मांगं घ्याची गाडी. जसा पीळ बसला तसा उलटा निघते. मंग दोन बोटानं दांडा येते. पण तुमाले मांगं जाले लाज वाटते ना. जोर लावता, अन् दात तोडता."

'तुमाले' म्हणजे साऱ्या डायवर जातीले.

नाल्यातून जीप आली का तो लगेच खाली शिरे. पेटीच्या बुडाचा बोल्ट जरासा ढिला करे. पाणी शिरलं असलं त तेलाच्या आंधी पाणी निघते, कारण ते बुडी बसते. पाणी गेलं अन् काळं तेल लागलं का बोल्ट बंद. तेलाचा थेंब दोन बोटात चोळून उन्हात धरे. लोखंडाच्या चुऱ्याची चमक दिसली का त्याचा चेहरा उतरे. "हाड झिजून राह्यलं," म्हणे. तेल ताकासारखं पांढरट दिसलं का त्या दिवशी कोणाशी बोलत नसे. लांबून आलेल्या जीपच्या पेटीवर तळहात ठेवे, पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मंग तिच्याशी गोरबोलीत, त्याच्या तांड्याच्या बोलीत, काहीबाही बोले. त्याच्या तोंडून ती बोली मी फक्त जीपखालीच ऐकली. वर त्याच्यासंग ती बोली बोलणारं कोणी नोयतंच.

दर गुरुवारी, काम असो नसो, डेपोच्या मांगच्या रेतीत जीप फिरवाची. चारही चाकं जोडून, बारीक चाल लावून. "पुढचे पाय मोकळे करू," असं म्हणे. महिने-महिने दांडा वापरला नाही त तो जाम होते, तेल एकाच बाजूले बसते. मी चालवू अन् तो बाजूनं चाले, एक हात मडगार्डवर ठेवून, मान वाकडी करून ऐकत. जंगलात लाकडं ओढतानाही तसंच. त्याच्या घरच्या लोकायनं बैलांच्या बाजूनं असंच चाललं असन, हे मले फार मागून सुचलं.

तो चुकतच नोयता असं समजू नका. एकदा पेटीच्या मांगच्या सीलमधून तेल गळाले लागलं. नवं सील नागपूरहून आणा लागते. त्याले दम नोयता. त्यानं आपल्या घोंगडीचा तुकडा गोल कापून, एरंडीच्या तेलात भिजवून तिथं बसवला. म्हणे, आमच्या गाड्याच्या आसाले हेच चालते. मी म्हटलं, "मिस्त्री, हे काही बैलगाडी नाही." "तू चूप." घोंगडीनं तेल पिलं, फुगली, अन् सारं तेल बाजूच्या हँडब्रेकच्या डब्यात गेलं. दुसऱ्या दिवशी उतारावर हँडब्रेक लावून उभी केलेली जीप आपल्याच मनानं निघाली अन् सागाच्या थप्पीवर जाऊन चढली. मुनीमजी हसून हसून खाली बसला. त्या दिवसापासून जीप थांबली का तो मांगच्या चाकाले धोंडा लावे, सपाट जमिनीवरही. अन् अर्धी घोंगडी पांघरून त्यानं तो हिवाळा काढला.

आपल्या चपलाइतकीच त्याले चाकांची काळजी. सुतळीनं तो चारही टायरचा घेर मोजे. मुनीमजीनं मांगं दोन नवे टायर घातले अन् पुढचे झिजलेले तसेच ठेवले, तवा मोठा झगडा झाला.

"मुनीमजी, चारही सारखे पाह्यजे. नाहीत त सरळ रस्त्यावरही पेटी पिळते."

"चारही घ्याले सेठ म्हणते का?"

"मंग चारही जुने राहू द्या."

"वा रे वा! गाडी तुही का सेठची?"

"गाडी सेठची. पेटी माही."

मुनीमजीनं ऐकलं नाही. टायर तसेच राह्यले. मिस्त्री हरला, अन् हरला तरी रोज सुतळी घेऊन मोजतच राह्यला, का एखाद दिवशी सारखे निघतीन.

तो गाडीत बसत नाही याचे डेपोत तीन-चार कारणं सांगत. कोणी म्हणे देवीचा नवस आहे. कोणी म्हणे भेतो. मुनीमजी म्हणे, स्वतःनं दुरुस्त केलेल्या गाडीवर त्याचाच भरवसा नाही. मी विचारलं तवा म्हणे, "ओझं नेणाऱ्यावर आमी बसत नाही." त्याच्या पुढं बोलणं बंद.

पोळा आला, दिवाळी आली का डेपो रिकामा होये. सारे आपापल्या गावाले जात. तो राहे. मी एकदा दिवाळीहून लवकर आलो, घरी भावासंग वाजलं म्हणून. पाह्यतो त शेडमधी जीप पुसलेली, पुढं एक पणती लावलेली, अन् मिस्त्री चाकाले टेकून बसलेला. मले पाहून त्याले राग आला. पणती उचलून त्यानं विहिरीवर नेऊन ठेवली, जसं काही ती तिथंच लावाची होती.

"काहून आला?"

"आलो."

"भाकर?"

"नाही खाल्ली."

त्यानं अर्धी दिली. आमी दोघायनं चाकाले टेकून खाल्ली. मले वाटते, त्या साऱ्या डेपोत घरी न जाणारे आमी दोघंच होतो.

अन् मंग ढाणकीकडून त्याच्या भावाचा जावई आला. कापसाचे दिवस होते. मिस्त्री विहिरीपाशी होता, दोघं काही बोलले, अन् जावई पडलेल्या तोंडानं माह्यापाशी आला.

"डायवरसाहेब, मोठे मामा फार बिमार आहेत. दोन दिवसापासून या लहान्या मामाचंच नाव घेऊन राह्यले. मी म्हटलं, चला मोटारीनं. तर म्हणतात तू जा, मी येतो."

"चालत?"

"चालत. पांढरकवडा, आर्णी, उमरखेड... किती दिवस लागतीन? तोवर मामा राह्यते का?"

जावयाची मोटार पकडाची घाई होती. तो गेला. मिस्त्रीले 'बसा' म्हणाची कोणाची छाती नोयती, अन् मले कोणाची मनधरणी करता येत नाही.

सकाळी उठलो त मिस्त्री नाही. अर्धी घोंगडी नाही. दांड्यावर मूठ नाही.

मी मुनीमजीच्या खोलीपुढं उभा राह्यलो. "जीप नेऊन राह्यलो."

"कुठी?"

"ढाणकी."

"सेठले विचारलं?"

"तुमी सांगा त्याईले."

"नोकरी जाईन, पाटला!"

"जाऊ द्या," म्हटलं अन् निघालो. पाटीलकी कशात तरी दाखवाच लागते.

सागाचं रान सरते अन् कापसाचे वावरं लागतात तिथं तो दिसला. लांब लांब ढांगा, मांगं न पाहता. मी बाजूले जीप नेली.

"मिस्त्री, बसा."

"जा तू."

"तुमच्यासाठी आलो."

"मी बोलावलं?"

"नाही."

"मंग?"

मी दुपट्टा गुंडाळून दांडा ओढला, पुढची चाकं जोडली, बारीक चाल लावली, अन् त्याच्या बाजूनं त्याच्याच चालीनं जीप चालवू लागलो. गाडीवाट मऊ होती, काळ्या मातीची भुकटी. पेटीले काही तरास नोयता. तो चाले, जीप चाले. वावरात कापूस वेचणाऱ्या बाया उभ्या राहून पाहू लागल्या. एक ओरडली, "अवो डायवर, गाडीले बैल नाही भेटले काय?" दुसरी म्हणे, "बैल बाजूनं चालून राह्यला ना!" मिस्त्री मान खाली घालून चालत होता. मीही.

बरंच चाललो. मंग त्याचा हात, सवयीनं, मडगार्डवर आला. "उजवी घे, चर आहे," म्हणे. मी उजवी घेतली.

पांढरकवड्याच्या अलीकडं पक्का रस्ता लागला.

"आता सोड पुढची चाकं," तो म्हणे.

"नाही सोडत."

"पाटील, रस्ता टणक आहे."

"दिसते मले."

"मंग पह्यल्या गेअरमधी चाल."

"त्यानं तुमी मांगं राह्यता. तुमच्या चालीनं जाचं त बारीक चाल पाह्यजे, अन् बारीक चालीले पुढची चाकं जोडूनच ठेवा लागते. तुमीच शिकवलं."

मी जीप तशीच चालवली. मांगं मोठे टायर, पुढं झिजलेले. थोड्या वेळात स्टेअरिंग जड झालं. पह्यल्या वळणावर चाकं चिरचिरले. मंग पेटी कण्हू लागली. बाहेरून कोणाले ऐकू आलं नसतं, पण मिस्त्रीच्या चेहऱ्यावर मले दिसत होतं. तो चालता चालता जीपकडं पाहे, मंग समोर पाहे, मंग पुन्हा जीपकडं. त्याचं पाऊल चुकू लागलं.

"सोड रे."

"बसा."

"दात तुटतीन तिचे!"

"तुटू द्या. सेठची गाडी आहे."

"पेटी माही आहे!"

"मंग बसा अन् सोडवा."

तो पुढं पळाला अन् जीपसमोर उभा राह्यला. मी ब्रेक लावला. तो बाजूले येऊन रस्त्यावर पालथा झाला, जीपखाली हात घालून पेटीले लावला अन् चटका बसल्यासारखा मांगं घेतला. मंग उठला. गुडघे झटकले. मले एक शिवी दिली, ती इथं लिहीत नाही. अन् माह्या बाजूच्या सीटवर, दुसऱ्याच्या घरच्या खाटेवर बसावं तसा, काठावर बसला.

खिशातून मूठ काढली. दांड्यावर पिळली. आंधी बारीक चालीचा दांडा काढला, मंग हा हलवून पाह्यला. हलला नाही.

"मांगं घे," म्हणे.

मी मांगं घेतली.

"अजून थोडी."

अजून घेतली. खालून टक् असा आवाज आला, अन् त्यानं दोन बोटानं दांडा सोडवला. पेटीनं सुस्कारा टाकला असं मले वाटलं. कदाचित त्यानंच टाकला असन.

दिवसभर आमी चाललो. त्यानं समोरचा लोखंडी दांडा दोन्ही हातानं धरला होता अन् नजर सारा वेळ बाजूच्या जमिनीवर. आर्णीच्या पुढं एकदाच बोलला, "जमीन लय जोरानं जाते रे."

"तुमी गाडी दुरुस्त करता. कशी जाते ते ठाऊक नोयतं?"

"ऐकून ठाऊक होतं."

दिवेलागणीले तांड्यावर पोचलो. भाऊ जित्ता होता. घरापुढं खाटेवर निजवलेला. हाडं उरलेले, पण डोळे लख्ख. त्यानं हात लांब केला, मिस्त्रीचा रुमाल चाचपला, अन् गोरबोलीत विचारलं. तेवढं मलेही समजलं. चालत आला का रे?

मिस्त्री उभाच. मंग म्हणे, "नाही, भिया. बसून आलो."

म्हाताऱ्याले ते खरं वाटलं नाही. त्यानं माह्याकडं पाह्यलं. मी म्हटलं, "खरं आहे. माह्या बाजूले बसले होते."

म्हाताऱ्याच्या डोळ्याले पाणी लागलं. थांबत थांबत, मले समजावं म्हणून मराठीत तो बोलला. "आमच्या शेवटच्या फेऱ्या होत्या. हा एवढासा. अंगात ताप. हा लादल्या बैलावर चढून बसला. बैल थकला होता, गोण्या दुसऱ्याच्या. मी याले ओढून खाली घेतलं. म्हटलं, चाल. सारी वाट चालवला." त्यानं दम घेतला. "तवापासून हा कायवरच बसला नाही. लग्नात बंडीत नाही बसला. सारी उमर मले चालून दाखवलं यानं."

मिस्त्री त्याचे पाय दाबत होता. मान वर केली नाही.

"बरं वाटलं का बसून?" भावानं विचारलं.

"हाडं खिळखिळी झाले," मिस्त्री म्हणे.

म्हातारा हसला, अन् हसता हसता खोकलत राह्यला.

सकाळी मी निघालो तवा मिस्त्री खाटेपाशीच बसून होता. त्यानं जीपच्या मांगच्या चाकाचा धोंडा काढून दिला. एवढंच. वाटेत बाजूची सीट रिकामी. दांड्याकडं हात गेला तवा पाह्यलं, मूठ तिथंच होती. तो काढाले विसरला होता, का त्यानं ठेवली होती, मले सांगता येत नाही. जंगलातल्या मऊ वाटेले लागलो तसं मी पुढची चाकं जोडली अन् बारीक चाल लावली. गरज नोयती. बाजूनं कोणी चालत नोयतं. तरी बराच वेळ तशीच चालवली.

सेठनं कामावरून नाही काढलं, बोलला मात्र लय. मी ऐकून घेतलं, उत्तर दिलं नाही. आयुष्यात असं एकदाच झालं असन.

मिस्त्री लवकर आला नाही. कापूस सरला, उन्हं तापाले लागले. एका दिवशी दुपारी डेपोच्या वाटेवर तो दिसला. खांद्यावर घोंगडी, पाय सुजलेले. मी पाणी नेऊन दिलं.

"भाऊ?"

त्यानं आडवी मान हलवली.

"मोटार नाही भेटली काय?"

"भेटली. पांढरकवड्याले उभी होती."

"मंग?"

त्यानं चपला काढल्या, एकावर एक ठेवल्या.

"सारी वाट चालत आलो," म्हणे. "अन् मधीच ध्यानात आलं का आता पाहणारा कोणी नाही."

मी आडमुठा माणूस. मी त्याच्याजवळ बसून राह्यलो, एवढंच केलं. सावली सरकून विहिरीपलीकडं गेली. मंग तो उठला, जीपपाशी गेला. दांड्यावरची मूठ पाह्यली. हात लावला, पण काढली नाही. खाली शिरला, बुडाचा बोल्ट ढिला केला, थेंब चोळला, उन्हात धरला.

"आज वार कोणता?" खालूनच विचारलं.

"गुरुवार."

"मंग? पुढचे पाय कोण मोकळे करीन?"

मी जीप काढली. रेतीत नेली. पुढची चाकं जोडली, बारीक चाल लावली, अन् बाजूच्या सीटवरची धूळ दुपट्ट्यानं पुसली. त्यानं ते पाह्यलं. मी 'बसा' म्हटलं नाही. तो मडगार्डवर हात ठेवून, मान वाकडी करून, सुजल्या पायानं चालू लागला, अन् मी त्याच्या चालीनं चालवत राह्यलो, गोल गोल. इंजन बंद केलं तवा रेतीत जीपच्या टायरच्या खुणा होत्या, अन् त्याच्या बाजूले, सारी वाटभर, त्याच्या चपलांच्या.